कापसाचा हात

"कापूस कमी भर गं," आई म्हणाली. "हात सुजल्यासारखा दिसतोय."

मी बाहीच्या तोंडातून चिमटीने थोडा कापूस काढला, पुन्हा दाबून पाहिलं. पिवळ्या लोकरीची ती वीतभरही नसलेली बाही माझ्या मांडीवर पडली होती. टोकाला मी पंजाही विणला होता, तान्ह्या बाळांच्या हातमोज्याला असतो तसा, बोटं नसलेला. आत कापूस गेल्यावर मात्र ती बाही राहिली नाही. एखाद्या बाळाचा तुटलेला हात मांडीवर पडावा तशी ती दिसायला लागली. मी घाईघाईने तिच्यावर पदर ओढला.

"आता ठीक आहे," आई म्हणाली आणि दाराची कडी नीट लागलीय का ते तिने पुन्हा एकदा बघितलं.

बाळंतिणीची खोली. शेगडीत निखारे, ओव्याचा धूर, खिडकीला जाड चादर. बाहेर पौषातली थंडी होती. चाळीसगावात तेव्हा थंडी अशी पडायची की सकाळी हौदातलं पाणी हाताला चावायचं. माझी मुलगी शेजारी दुपट्यात झोपली होती. तिचा उजवा हात कानाशी मुठीत मिटलेला होता. डावा हात तिच्या पोटावर मऊ पट्टीने बांधलेला होता, कारण तो सुटला की नुसता खाली पडायचा.

बाळ अंगाने मोठं होतं आणि मी पहिलटकरीण. डोकं आलं आणि खांदे अडकले. पुढचं मला धड आठवत नाही. डॉक्टरीणबाईंचा घाबरलेला आवाज तेवढा आठवतो. मूल रडलं, सगळ्यांनी देवाला हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की पोरगी एकच हात हलवतेय.

"खांद्यापाशी शीर ताणली गेलीय," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "दहाबारा दिवस हात पोटाशी वाकवून ठेवा, ओढू नका. मग हलका व्यायाम सुरू करायचा, रोज, न चुकता. नाहीतर खांदा आखडतो. पुष्कळ मुलांचा हात सुधारतो."

"पुष्कळ म्हणजे?" मी विचारलं.

"खात्री नाही देता येत," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने वहिनीला आणि मला समोर बसवलं. "ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही. जावईबापूंनासुद्धा नाही. बारसं होऊ दे, मग बघू."

आई घाबरण्याचं कारण आम्हा तिघींनाही माहीत होतं. माझं सासर अमळनेरचं. सासूबाईंना घरीदारी सगळे जिजी म्हणत. उंच, हाडापेराने दणकट, बोलणं मोजकं आणि तोडून टाकल्यासारखं. त्यांची मोठी सून, माझी थोरली जाऊ विमल, बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. मुलाच्या पायात खोट निघाली आणि जिजींनी तिला घरात घेतलं नाही, असं गावात बोललं जाई. माझं लग्न ठरलं तेव्हा हे आमच्याही कानावर आलं होतं; पण स्थळ चांगलं, मुलगा शांत, म्हणून आईने कानाआड केलं होतं. सासरी त्या विषयावर कुणी बोलत नसे. माझे यजमानही नाही. एकदा मी विचारलं तर "जाऊ दे ना" म्हणाले आणि उठून गेले. थोरले दीर, म्हणजे विमलताईंचे यजमान, महिना-दोन महिन्यांनी कुठेतरी जाऊन येत आणि आल्यावर दिवसभर जेवत नसत, एवढंच मी पाहिलं होतं.

आता आमच्या घरात एक हात पडलेला होता, आणि तोही मुलीचा.

स्वेटरची कल्पना माझीच. मला विणकाम चांगलं यायचं. माझ्याकडे मासिकातून कापून ठेवलेला एक नमुना होता, सहा महिन्यांच्या बाळाच्या स्वेटरचा, पुढून उघडा, गळ्यापाशी दोन जाळ्यांची नक्षी. आई म्हणायची, बाळंतिणीने सुई धरू नये, डोळे जातात. या वेळी तिनेच सुया आणून दिल्या.

मी पडल्या पडल्या विणायची. बारीक सुया घेतल्या, टाके कमी केले, म्हणजे माप आपोआप लहान झालं. उजवी बाजू नमुन्यात होती तशीच विणली, फक्त हाताला घालता-काढता येईल असा वेगळा पंजा केला. डावीकडे मात्र नमुन्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. तिथे मी पुढचा भाग दुहेरी केला, आतून एक मोठा खिसा निघाला. बाळाचा खरा हात कोपरात वाकवून त्या खिशात पोटाशी राहील, त्याला आधारही मिळेल. इथवर सगळं औषधासारखंच होतं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती.

त्यानंतर मी खांद्याला तो खोटा हात शिवला.

स्वेटर घालून बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं तेव्हा वहिनी दारातून बघायला आली. "अगंबाई, कळतसुद्धा नाही!" ती म्हणाली. लगेच तिचा चेहरा पडला. "मला तर भीतीच वाटते त्याच्याकडे बघून."

मलाही वाटायची. बाळ रडायला लागलं की उजवा हात थरथरायचा, पाय सायकल मारायचे, आणि डावीकडे तो पिवळा हात मेल्यासारखा पडून असायचा. मी त्याला कडेने दुपटं खोचून टाकायची. झोपेत दचकून उठायची. स्वप्नात तो हात उसवलेला असायचा आणि कापूस घरभर पसरलेला.

व्यायामाचे दिवस सुरू झाले. आई म्हणाली, "दोन दिवसांनी काय बिघडतं? बारशात हात दुखून रडायला लागली तर?" मी मान हलवली. डॉक्टरीणबाईंचं 'खांदा आखडतो' कानात वाजत होतं, पण जिजींचे डोळे त्याहून जवळ आले होते.

बारशाच्या दिवशी त्या सकाळच्या गाडीनेच आल्या. यजमानांना रजा मिळाली नव्हती. सोबतीला शेजारची एक बाई तेवढी. मी न्हाणीत होते. अंगावर कढत पाणी पडत असताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. कशीबशी लुगडं गुंडाळून बाहेर आले तर जिजी बाळाजवळ बसल्या होत्या. बाळ झोपलेलं. दुपट्याचं खालचं टोक सुटलेलं होतं.

"उघडी पडली होती," जिजी म्हणाल्या आणि त्यांनीच ते टोक खोचलं. "रंग आमच्याकडचा घेतलाय."

मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथे राहिला. मला वाटलं, ह्यांना कळलं.

दुपारी घर बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, लहान पोरींचा गोंधळ. मी पाटावर बसले होते, बाळ मांडीवर. आई सारखी माझ्याभोवती घुटमळत होती. कुणी बाळाला घ्यायला हात पुढे केला की ती म्हणायची, "थंडी आहे हो, झोपू द्या." एवढ्यांदा म्हणाली की एक म्हातारी हसली, "अगं, आम्ही काय बर्फ घेऊन आलोय का?"

मग जिजी पुढे आल्या. त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. गाठ सोडली. आत मनगट्या होत्या, काळे मणी आणि मधे चांदीचे, ओवून घट्ट वळलेल्या. "हिच्या बाबाच्या हातात होत्या," त्या म्हणाल्या. "आणा बाळाला इकडे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. जिजींनी बाळ उचलूनही घेतलं होतं.

त्यांनी उजव्या हाताचा पंजा काढला. बाळाने बोटं ताणली, पुन्हा मिटली. मनगटी अलगद चढली. बायकांनी कौतुक केलं.

"जिजी, एकच राहू द्या आत्ता," आई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "थंडी आहे."

"एका हातात घालतात का कुठे?" जिजी म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात धरला.

मला ते अजूनही दिसतं. त्यांचा अंगठा आणि दोन बोटं पिवळ्या मनगटावर बसली. दाबली गेली. आतपर्यंत गेली. मनगटात हाड नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं, या वेळी हळू. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

आता ह्या ओरडतील. आता तो हात उपटून सगळ्यांना दाखवतील.

जिजींनी मनगटी घेतली आणि त्या लोकरीच्या पंजावरून वर सरकवली. कापूस दबला, मनगटी चढली.

"अहो, पंजा काढा की आधी," मागून कुणीतरी म्हणालं.

"राहू दे," जिजी म्हणाल्या. "थंडी आहे."

त्यांनी बाळ माझ्या मांडीवर परत ठेवलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला, पाळणा म्हणा."

पुढचं सगळं झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. कानात 'वैजयंती' हे नाव सांगितलं गेलं. जिजींनी घुगऱ्या वाटल्या, बायकांची विचारपूस केली, पंगतीला बसल्या, भाजी पुन्हा मागून घेतली. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे जेवत होत्या आणि मी त्यांच्या पानाकडे बघत होते. आई स्वयंपाकघरात मला कुजबुजली, "हेमे, कळलंय गं त्यांना. सकाळच्या गाडीने निघून जातील. मग काय करायचं?" मी थोरल्या जावेचा विचार करत होते. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा माझ्यासारखाच असेल असं वाटत होतं.

दिवेलागणीला जिजी खोलीत आल्या. आई पाठोपाठ येत होती. "तुम्ही बाहेर थांबा, विहीणबाई," जिजी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "दार लाव."

मी लावलं.

"काढ ते."

स्वेटरचे बंद मीच बांधले होते, पण मला गाठ सुटेना. जिजी नुसत्या बघत होत्या. शेवटी सुटली. मी खिशातून हात बाहेर काढला. बारीक, गोरा हात. तळवा मागे वळलेला. मी सोडला तसा तो बाजूला पडला.

जिजी खाली बसल्या. त्यांनी आपलं बोट बाळाच्या त्या तळव्यात ठेवलं. बाळाची बोटं हळूच मिटली.

"पकड आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मधे रडत.

"मग व्यायाम सुरू केला?"

"नाही."

"का नाही केला?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

"माझ्या भीतीनं?"

"तुम्ही मला परत नेणार नाही असं वाटलं," मी म्हणाले. "विमलताईंसारखं."

हे नाव त्यांच्यासमोर कुणी घेत नसे. मला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिल्या.

"तिच्याही घरी मी बारशाला गेले होते," त्या म्हणाल्या. "पायातले वाळे घेऊन गेले होते. पोरगं दुपट्यात आवळून बांधलेलं. मी म्हटलं, पाय काढा, वाळे घालते. तिची आई म्हणाली, झोपलंय हो, थंडी आहे. मला वाटलं, असेल. वाळे उशाशी ठेवले नि परत आले." त्यांनी चिमट्याने एक निखारा सारला. "चालायला लागलं तेव्हा कळलं. खुबा जागेवर नव्हता. जन्मापासून नव्हता आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या महिन्यात आणलं असतं तर नुसते पाय फाकवून बांधले असते, बसला असता. आता जन्मभर फरफटायचं."

"मग विमलताई?"

"आणायला गेले होते मी. एकदा नाही, पुष्कळदा गेले. ती दार उघडीना. मला तोंड कसं दाखवू म्हणे. तिची आई बाहेर येऊन माझ्याच पाया पडायची. गावाने काय उठवलं ते तू ऐकलंच आहेस. मी काय घरोघर सांगत फिरू?"

बाळ कुरकुरलं. जिजींनी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"आज आल्या आल्या मी हिचे पाय बघितले. तू न्हाणीत होतीस तेव्हा. सरळ होते. हायसं वाटलं. हाताचं माझ्या मनातही आलं नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "दुपारी बोटात कापूस आला नि मला वाटलं, पुन्हा तेच."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"घर बायकांनी भरलं होतं. कापसाच्या हाताची म्हणून नाव पडलं असतं पोरीचं, लग्नापर्यंत." त्यांनी स्वेटर उचललं, उलटसुलट करून बघितलं, आतला खिसा बोटांनी तपासला. "हात चांगला आहे तुझा. उसव हे."

"आत्ता?"

"माझ्यासमोर उसव."

मी कात्री घेऊन खांद्यापासची शिवण कापली. कापूस निघाला, तो जिजींनी शेगडीत टाकला. भसकन पेटला आणि विझला. मग मी टोक शोधून ओढायला लागले. टाके सरसर सुटत होते आणि जिजी लोकर आपल्या हातावर गुंडाळत होत्या. बाळ उघडंच होतं. थोड्या वेळाने त्यांनी मोठ्याने हाक मारली, "विहीणबाई, दाराशी उभ्याच आहात तर शेगडीत कोळसे आणून घाला. पोरगी उघडी आहे."

आई आत आली. तिचा चेहरा रडून लाल झाला होता. तिने जिजींसमोर हात जोडले. जिजींनी ते खाली केले आणि तिच्या हातात चिमटा दिला.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. माझ्यासोबत डॉक्टरीणबाईंकडे आल्या आणि व्यायाम कसा करायचा ते शिकून घेतलं. खांदा एका हाताने दाबून धरायचा, दुसऱ्याने बाळाचा हात कोपरात वाकवायचा, बाजूला न्यायचा, हळूहळू कानापर्यंत. संध्याकाळी त्यांनी मला नवं स्वेटर विणायला बसवलं. मी तोच नमुना घेतला. डाव्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत वरून फट ठेवली आणि तिला बंद लावले, म्हणजे हात ओढावा लागू नये. बंद सोडले की बाही पाकळीसारखी उघडायची. खिडकीवरची चादर जिजींनी काढली होती. मी उजेडात विणत होते. शेजारच्या बाया येऊन बघत होत्या आणि विचारत होत्या, "एकाच बाहीला बंद का गं?"

"तिच्या खांद्याची शीर ताणलीय," जिजी सांगायच्या. "बरं होतंय."

बरं होत नव्हतं. माघ गेला, फाल्गुन गेला. मी अमळनेरला आले. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: वाट बघा, व्यायाम सोडू नका. व्यायाम जिजीच करायच्या. बाळ किंचाळायचं आणि मी परसात जाऊन कानांवर हात ठेवून उभी राहायची. एकदा आत डोकावले तर जिजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात मात्र थांबले नव्हते. रोज दिवा लावताना मी त्या कोपराकडे बघायची. कधी वाटायचं, हलला. कधी वाटायचं, मीच हलवला. रात्री यजमान विचारायचे, "आज?" मी नाही म्हणायची. मग ते कूस बदलायचे. आम्ही उशीर केला तेवढ्यानेच सगळं गेलं असेल, हा विचार मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

वैजयंतीचा तो हात आज खांद्याच्या थोडा वर जातो, त्यापुढे जात नाही. वेणी ती एकाच हाताने बांधायला शिकली, आणि आता दोन मुलांची आई आहे. जिजींना जाऊनही बरीच वर्षं झाली.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. जिजी ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि बाळ त्यांच्या कुशीत होतं. मी सांजोऱ्या तळत होते. बाहेरून मला जिजींची हाक आली, पण ती वेगळी होती, दबकी.

"हेमे."

मी झारा टाकून धावले. जिजी मान एका बाजूला कलती करून दगडासारख्या बसल्या होत्या. बाळाचा डावा हात वर गेला होता. त्याने त्यांच्या कानातली कुडी मुठीत पकडली होती आणि जोर लावून ओढत होतं. कानाची पाळी ताणून पांढरी पडली होती, छिद्रापाशी रक्ताचा थेंब आला होता.

मी पुढे होऊन ती मूठ सोडवायला गेले.

"हात लावू नकोस," जिजी म्हणाल्या. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. "ओढू दे तिला."